ब्रँच हेड, नांदेड

६ जानेवारी, सोमवार. लातूर.

अण्णांनी केबिनमध्ये बोलावलं. नऊ वर्षांत तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा एसीचा रिमोट सापडत नव्हता.

आज म्हणाले, शिवशंकर, आजपासून तू नांदेडचा ब्रँच हेड. तू माझा उजवा हात आहेस.

लेटर पुढच्या आठवड्यात. ऑफिस पुढच्या आठवड्यात. पगाराचं एप्रिलमध्ये बघू.

पुढेमागे आठवणी लिहायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून नोंद करून ठेवतो. कंपनी लातूर एमआयडीसीत. धंदा, शेतात सोलर पंप बसवणे. मी आजवर पार्टचं बघायचो. अण्णा म्हणजे वीरण्णा साहेब, मालक. नांदेड जिल्ह्यात दोन वर्षांत तीनशेवर पंप बसवले. तिथं विश्वासाचा माणूस हवाच होता.

मंजुश्रीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "अहो, पण ऑफिस कुठाय?"

मी म्हणालो, कॉर्पोरेटमध्ये आधी पद येतं, मग ऑफिस. ती म्हणाली, "आमच्याकडं आधी दुकान काढतेत, मग गल्ल्यावर माणूस बसवतेत." तिचे वडील उदगीरचे किराणा दुकानदार. दृष्टी तेवढीच.

संकल्प: नांदेडला पहिल्या दिवसापासून शिस्त.

८ जानेवारी, बुधवार. नांदेड.

पहाटेची एसटी. अहमदपूरला वीस मिनिटं थांबली. ब्रँच हेड म्हणून पहिला चहा तिथंच घेतला.

ब्रँचचा स्टाफ एकूण एक. प्रियदर्शनी, सर्व्हिस इंजिनिअर. इथंच डिप्लोमा केलेली, वय सव्वीस-सत्तावीस. दोन वर्षं एकटीच स्कूटीवरून अख्खा जिल्हा बघते. बसायची जागा म्हणजे तिच्या मामाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातलं एक टेबल. खुर्ची एकच. तिने मला दिली, स्वतः खोक्यावर बसली. संस्कार चांगले आहेत.

मी म्हणालो, ब्रीफिंग दे.

ती म्हणाली, "सर, त्रेचाळीस पंप बंद आहेत. मागच्या वर्षी अण्णांनी स्वस्तातले कंट्रोलर घेतले, ते एकेक करून जळायलेत. कंट्रोलर जळाला की पंप चालू होतच नाही. स्टोअरमधून दहा जरी आले तरी ज्यांची पिकं उभी आहेत त्यांचं भागेल."

मी म्हणालो, एक्सेल शीट कर.

"केलीय सर. नऊ वेळा लातूरला पाठवलीय."

मी म्हणालो, फॉरमॅट बदलून पाठव.

मुलगी कामाची आहे. पण वरच्यांशी संवाद कसा साधायचा ते तिला येत नाही. ते मी बघतो.

१० जानेवारी, शुक्रवार. सकाळी ६.१०

फोनने जाग आली. एक बाई. "साहेब, उठलाव का?"

नाव चतुराबाई. गाव कंधारकडं. दोन एकर गहू. पंप डिसेंबरपासून बंद. माझा नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणाल्या, पेपरात आलाय.

खरंच आलाय. कंपनीची पाव पान जाहिरात. खाली 'कस्टमर केअर, चोवीस तास सेवेत' आणि पुढं माझा मोबाईल नंबर. मला कोणी विचारलं नव्हतं. क्षणभर राग आला. मग लक्षात आलं, अख्ख्या कंपनीतून अण्णांनी माझाच नंबर निवडला.

दुपारपर्यंत एकतीस फोन. सगळ्यांना सांगितलं, तक्रार नोंदवून घेतली आहे. वहीत जागा संपली.

संकल्प: सोमवारच्या रिव्ह्यूमध्ये अण्णांशी स्पष्ट बोलायचं. तीन मुद्दे. कंट्रोलर, फोन नंबर, ऑफिस.

१४ जानेवारी, मंगळवार. लातूर.

सोमवारचा रिव्ह्यू आज ठेवला. संक्रांतीची सुट्टी म्हणून कोणी कुरकुरू नये यासाठी अण्णांनी पहाटेच 'आपला परिवार' ग्रुपवर टाकलं होतं: परिवारात सुट्टी नसते. खाली छप्पन्न नमस्कार. त्यातला चौथा माझा.

मीटिंग अकराला. अण्णा अडीचला आले. चाळीस मिनिटं दुबईच्या सहलीबद्दल सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, नांदेड कसंय?

मी म्हणालो, छान.

मुद्दे खिशात होते. पण नुकतीच दुबई झाली होती, त्यावर एकदम जळके कंट्रोलर काढणं बरं दिसलं नसतं. टायमिंग हीसुद्धा एक कला आहे.

अण्णांनी स्वतःच्या हाताने तिळगूळ दिला. तू माझा उजवा हात, म्हणाले. पुढं स्टोअरकीपर गुरुलिंगलाही तेच म्हणाले. मग अकाउंटवाल्याला. मोठ्या माणसाला जास्त हात लागत असतील.

घरी पोचलो तोवर तिळाच्या पोळ्या कडक झाल्या होत्या.

१९ जानेवारी, रविवार. माहूर.

लीडरशिप रिट्रीट. हजेरी सक्तीची. लातूरहून पहाटे बस निघाली. पोचल्यावर कळलं की अण्णांच्या घरचा रेणुकामातेला नवस होता. स्वयंपाकाची भांडी आम्ही वाहिली. टीम बिल्डिंग.

जेवणानंतर झाडाखाली शिवांशचं सेशन. शिवांश अण्णांचा पुतण्या, वय चोवीस, पुण्याहून एमबीए करून आलेला, चीफ ग्रोथ ऑफिसर. विषय 'ओनरशिप'. म्हणाला, कंपनी माझी स्वतःची आहे असं प्रत्येकाला वाटलं पाहिजे.

प्रियदर्शनीने हात वर केला. "मग स्टोअरमधनं दहा कंट्रोलर मी नेऊ शकते का?"

सगळे हसले. शिवांश म्हणाला, गुड क्वेश्चन, नंतर घेऊ.

नंतर घेतला नाही. मी तिला बाजूला नेऊन समजावलं, असं चारचौघांत विचारायचं नसतं. ती म्हणाली, "एकांतात नऊ मेल केलेत सर."

अण्णांना पायऱ्यांवर गाठून तिन्ही मुद्दे बोलायचं मी पक्कं ठरवलं होतं. पण पायऱ्या चढताना अण्णांना दम लागला. दम लागलेल्या माणसाशी काय बोलणार. उलट त्यांची पाण्याची बाटली मी धरली.

२२ जानेवारी, बुधवार. नांदेड.

शिस्तीचा पहिला टप्पा सुरू. स्टाफने सव्वानऊच्या आत ऑफिसच्या जागेवरून सेल्फी पाठवायचा. प्रियदर्शनीचा सेल्फी नऊ वाजून बावीस मिनिटांनी आला, तोही कंधारजवळच्या शेतातून, मागं सोलर पॅनल. लेट मार्क लावला. मला वाईट वाटलं. पण लातूरला मला लावतात तेव्हा कोणाला वाटतं?

चतुराबाईंचा फोन. रोज सहा दहा. "साहेब, गहू पोटऱ्यात आलाय. आता पानी न्हाई भेटलं तर दाना भरत न्हाई बघा."

मी त्यांना तक्रार क्रमांक लिहून घ्यायला सांगितलं.

त्या म्हणाल्या, "लिवून घेतला साहेब. त्या नंबरानं पानी येतंय का?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. मी रेंज नाही असं केलं.

अण्णांना मेलचा मसुदा केला. सातवा. 'आदरणीय अण्णा' की 'प्रिय अण्णा' यावर अडलो. पाठवला नाही.

२७ जानेवारी, सोमवार. लातूर.

रिव्ह्यूला प्रियदर्शनीही आली होती. तिला बोलायची संधी मिळाली नाही. मलाही नाही. पूर्ण वेळ कंपनीच्या नव्या लोगोत गेला. सूर्य हसरा असावा की गंभीर.

चार वाजता तिचा गेटवरून फोन. "सर, गेटजवळच्या कारंज्याच्या सोलर पंपाचा कंट्रोलर जुन्या चांगल्या लॉटमधला आहे. चतुराबाईंकडं बसवू का? स्टोअरनं दिला की परत आणून लावते."

अवघड प्रश्न. मी म्हणालो, बघ, तुझ्या लेव्हलला काय होतंय ते.

हे उत्तर मला आवडलं. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. अण्णा असेच बोलतात. याला डेलिगेशन म्हणतात.

२८ जानेवारी, मंगळवार. नांदेड.

चतुराबाईंचा फोन, पहिल्यांदाच सकाळी नाही, दुपारी. "पानी आलं साहेब." एवढंच. मग बराच वेळ फोन चालूच ठेवला होता. पाण्याचा आवाज येत होता. मीही ठेवला नाही.

प्रियदर्शनीने फोटो पाठवला. पाण्याची जाड धार, शेजारी चतुराबाई, साडीचा पदर खोचलेला. मी ग्रुपवर टाकला: 'ब्रँच हेड यांच्या मार्गदर्शनाखाली टीम नांदेडची कामगिरी.' अण्णांनी अंगठा दिला. तासाभरात शिवांशने त्याचं पोस्टर केलं. 'अण्णांचं व्हिजन, शेतकऱ्याचं हसू.' अण्णा मोठे, चतुराबाई कोपऱ्यात. प्रियदर्शनी फोटोत नव्हती, ती फोटो काढत होती. मीही नव्हतो, पण ते वेगळं.

२९ जानेवारी, बुधवार.

लातूरला गहजब. कारंजं बंद. अण्णा सकाळी आले आणि गाडीतून उतरायच्या आत त्यांच्या लक्षात आलं. बाकीचे बेचाळीस पंप दोन महिने बंद आहेत ते अजून आलेलं नाही, पण ते लांब आहेत, कारंजं केबिनसमोर आहे.

चौकशी समिती. शिवांश, गुरुलिंग आणि मी. मला समितीवर घेतलं. किती विश्वास.

१ फेब्रुवारी, शनिवार. लातूर.

समितीची तिसरी बैठक. वॉचमनने पहिल्याच दिवशी गेटचं रजिस्टर पुढं ठेवलं होतं. आज उघडलं. स्वच्छ अक्षरात: कंट्रोलर एक, कारंजं, नेणार प्रियदर्शनी, कारण गहू.

शिवांशने विचारलं, तिने कुणाची परवानगी घेतली होती?

मी चष्मा पुसला.

संकल्प: सोमवारी सत्य सांगायचं. परवानगी मी दिली होती, जवळपास. आणि त्याच ओघात तिन्ही मुद्दे. आता पुरे झालं.

३ फेब्रुवारी, सोमवार. लातूर.

नीट लिहितो, नंतर आठवणीत गफलत नको.

अण्णा म्हणाले, कंट्रोलर कोणी नेला?

प्रियदर्शनी उभी राहिली. "मी नेला अण्णा. रजिस्टरला नोंद आहे. कारंजं चार दिवस बंद राहिलं तर चालतंय. गव्हाला चालत नव्हतं."

"कोणाला विचारून?"

तिने माझ्याकडं पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. मी उभा राहिलो. तोंडात शब्द तयार होते. आणि मी म्हणालो, अण्णा, ती नवीन आहे, मी समजावतो.

ती दोन वर्षांपासून नांदेडला आहे. मला सत्तावीस दिवस झालेत.

ती काही म्हणाली नाही माझ्याबद्दल. अण्णांना म्हणाली, "अण्णा, आता उभीच आहे तर सांगते." आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं. खराब कंट्रोलर, नऊ मेल, उरलेले बेचाळीस बंद पंप, नसलेलं ऑफिस. बिराजदार सरांचा, म्हणजे माझा, मोबाईल नंबर पेपरात दिलात, त्यांना झोप मिळत नाही, हेसुद्धा. माझे तिन्ही मुद्दे. आवाज चढवला नाही, मसुदा केला नाही.

छत कोसळलं नाही. अण्णा पेन फिरवत होते. म्हणाले, मुली, तुझा अ‍ॅटिट्यूड सुधार. मग चहा आला.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर होती. अहमदपूरला मी तिच्यासाठी चहा आणला. तिने घेतला. थँक्यू सर म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विचार करता, मी तिला वाचवलंच. 'नवीन आहे' म्हटल्यामुळं प्रकरण मेमोवर निभावलं.

१० फेब्रुवारी, सोमवार. नांदेड.

प्रियदर्शनीने राजीनामा दिला. मला एक वही देऊन गेली. प्रत्येक शेतकऱ्याचं नाव, गाव, मोटर, काय बिघडलं, कोणाच्या दारात कुत्रं आहे. जाताना म्हणाली, "सर, चतुराबाईंचा फोन उचलत जा. त्यांना कुणी ऐकलं तरी बरं वाटतंय."

खुर्ची आता सलग माझीच आहे. खोकंही. पण टेबल तिच्या मामांचं. त्यांनी चार दिवसांनी विनम्रपणे मागून घेतलं तर? तोवर ऑफिसचं होईल.

शिस्त: सव्वानऊचा सेल्फी मी मलाच पाठवला.

३ मार्च, सोमवार.

विलक्षण बदल. तक्रारींचे फोन कमी होत होत आज शून्य. पूर्ण दिवसात एकच फोन आला, क्रेडिट कार्डवाल्याचा.

दोन महिन्यांत सिस्टिम लावली. तंत्रज्ञ गेली, पार्ट आले नाहीत, तरी शून्य. याला मॅनेजमेंट म्हणतात. आलेख काढला. रेघ सुंदर खाली येते.

१७ मार्च, सोमवार. नांदेड.

चतुराबाईंचा फोन. मी आधीच म्हणालो, तक्रार नोंदवून घेतो.

"तक्रार न्हाई साहेब. लई दिवस झाले, म्हनलं बरं हायत का बघावं. गहू काढला. ह्या साली दाना चांगला भरला."

मी विचारलं, पंपाचं काही?

"पंपाचं आता प्रियदर्शनीबाईकडं असतंय ना. लोह्याच्या रस्त्यावर दुकान टाकलंय तिनं. समदे तिकडंच जातेत. चांगला कंट्रोलर मागवती, बसवून देती. तुमाला न्हाई ठाव?"

नव्हतं ठाव.

आलेखाची रेघ का खाली आली ते कळलं. पण कारण काही असो, तक्रारी शून्य हे सत्यच आहे.

१९ मार्च, बुधवार.

सहज त्या बाजूला गेलो होतो. म्हणजे रिक्षा करून.

दुकान लहान. पाच-सहा गिऱ्हाईकं. खुर्च्या चार. तिने चहा मागवला. जुनं काही काढलं नाही. म्हणाली, "सर, मी शेतावर गेले की इथं कुणी नसतं. पार्टचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, नऊ वर्षं बघितलंय तुम्ही. याल का? पगार तिथं आहे तेवढा देईन, रविवार सुट्टी."

मी हसलो. सांगितलं की कंपनीत सध्या माझं फार महत्त्वाच्या टप्प्यावर आहे. पुढच्या सोमवारी प्रेझेंटेशन आहे.

ती म्हणाली, "बरं सर. विचार करा, घाई नाही."

२४ मार्च, सोमवार. लातूर.

प्रेझेंटेशन झालं. आलेख पडद्यावर आला. एकतीसवरून शून्य. टाळ्या. अण्णा स्वतः उठून उभे राहिले. आयुष्यातला मोठा क्षण.

अण्णा म्हणाले, बघा, याला म्हणतात काम. नांदेडला आता तक्रारच नाही. मग तिथं ब्रँच कशाला पाहिजे?

पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या, सुरू झाल्यावर लक्षात आलं.

२ एप्रिल, बुधवार. लातूर.

नवं पद: हॅपिनेस कोऑर्डिनेटर. काम, 'आपला परिवार' ग्रुपवर वाढदिवसांची यादी ठेवणे, केक मागवणे, फोटो काढणे. रिपोर्टिंग शिवांशला. पगाराचं विचारलं. अण्णा म्हणाले, एप्रिल आत्ता तर लागलाय.

आज गुरुलिंगचा वाढदिवस. शिवांशने मला सगळ्यांसमोर सांगितलं, केकवर नाव चुकलंय, ओनरशिप दिसत नाही. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे.

६ एप्रिल, रविवार.

झालं. ठरलं. मंजुश्रीशी बोललो. सगळं सांगितलं, ३ फेब्रुवारीचंसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या पोरीनं तरी तुम्हाला बोलावलं. जावा."

प्रियदर्शनीला फोन केला. जागा आहे म्हणाली. "कधीपण या सर."

राजीनामा लिहिला. एकच मसुदा. चार ओळी. 'मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.' कुठंही 'कृपया' नाही. मंजुश्रीने वाचला आणि शुद्धलेखन तपासलं.

उद्या सकाळी पहिलं काम.

७ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ६

अकराला केबिनमध्ये गेलो. विचारून नाही, दार वाजवून सरळ. कागद टेबलावर ठेवला. अण्णा फोनवर होते. कागद ओढून घेतला, वर माझं नाव तेवढं बघितलं, फोनवर हात ठेवून म्हणाले, "सुट्टी का? किती दिवस?"

हाच तो क्षण होता. समोरचा माणूस पहिल्यांदा माझ्याबद्दल काहीतरी विचारत होता.

मी म्हणालो, दोन दिवस, अण्णा.

अण्णांनी मान हलवली. कागदावर तिरकं लिहिलं, 'एक दिवस मंजूर', सही केली आणि परत फोनवर बोलायला लागले. शिवांशने कागद पंच करून रजेच्या फाइलला लावला. त्यानेही वाचला नाही.

घरी आलो. मंजुश्री दारातच उभी. "काय झालं?"

मी म्हणालो, मंजूर झाला.

तिने डोळे पुसले. शेवयाची खीर करूनच ठेवली होती. उदगीरला फोन करून वडिलांना सांगितलं. ते मला म्हणाले, जावईबापू, हिंमत केलीत. मी हो म्हणालो.

खीर दोन वाट्या खाल्ली. चांगली झाली होती.

उद्या सुट्टी आहे. परवा सकाळी इस्त्रीचा शर्ट मागेन, तेव्हा तिला कळेलच.